केराबाईचं पाळण्यातलं नाव

केरबा, दगडू, धोंडाबाई ही नावं, लेकरांनो, हौसेनं ठेवलेली नसत. घरात मुलं जगत नसली की नवं बाळ उकिरड्यावर ठेवून परत उचलायचं आणि असं हलकं नाव द्यायचं, म्हणजे मरणाची नजर त्याच्याकडं वळणार नाही.

निजामाच्या राजवटीत गोजरबाईची केराबाई अशीच वाचली होती. तिचं खरं नाव बारशाला आत्यानं, चतुराबाईनं, तिच्या कानात सांगितलं होतं. भीतीपोटी ते पुन्हा कुणी उच्चारलं नाही. आईनंही विचारलं नाही.

एका दुपारी तिघी कळमनुरीच्या बाजाराला निघाल्या. खिंडीत पोरगी पुढं धावली.

"केरे, काहून पळून राहिली गं? बाजार काय उठून जातो?" गोजरबाई ओरडली.

डोंगरानं तेच शब्द परत केले.

तिला हसू आलं. तिनं पुन्हा हाक मारली, "केरे!"

या वेळी डोंगरातून तिच्याच आवाजात आलं, "सुभद्रे!"

"अक्का, ही सुभद्रा कोण?"

चतुराबाईनं तिच्या तोंडावर हात दाबला. "आता हाक मारू नको. आधी पोरीला धर!"

वळणावर केराबाई थांबली होती. तिनं डोंगराकडं मान वळवली आणि म्हणाली, "आले, माय."