पोटात जाणारं सगळं

"ती गोळी आजपासून बंद. चुकूनसुद्धा द्यायची नाही." डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेला बजावलेलं म्हाताऱ्याला अक्षरन् अक्षर आठवत होतं. तरी आज बायको पुन्हा दवाखान्याच्या खाटेवर होती. खुर्चीतून उठली आणि तशीच कोसळली. कपाळावर टाके पडले होते.

"मी पडले की सगळे गोळा होतात," ती पुटपुटली. "एरवी कुणी फिरकत नाही."

लेकीला हसू आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी नाडीवरचा हात काढला. "माणूस उभा राहिला की रक्त पायांकडे उतरतं. मानेतल्या नसा हाका मारतात, हृदय धावत सुटतं, रक्तदाब सावरतो. यांचं हृदय त्या हाका ऐकतच नाही. त्या गोळीनं त्याचे कान बुजतात. अजून कुणीतरी देतंय."

"छे हो!" म्हातारा म्हणाला. "पोटात जाणारं सगळं मी माझ्या हातानं बंद केलंय."

"मग घरात बघा. पुढच्या वेळी टाक्यांवर भागणार नाही."

घरी येताच लेकीनं आईला सांभाळणाऱ्या मावशींना गाठलं. "मावशी, खरं सांगा. गोळी कुणी दिली?"

"ताई, देवाशपथ! पाकीट तुमच्यासमोरच कचऱ्यात गेलं ना?"

"देवाला मध्ये आणू नका. तुमची पिशवी उचला."

मावशींनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्यानं नजर वळवली.

"बाबा, आजींना उठवताना आधी जरा बसवत जा," एवढं बोलून त्या चपला घालून निघून गेल्या. लेक स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटू लागली.

म्हातारा बायकोच्या उशाशी बसला.

"तिला उगीच घालवलंत," ती म्हणाली.

"तू जगायला हवीस, बाई."

"जगून काय करू? डोळ्यांना दिसलं तर पाहिजे!"

काचबिंदूनं तिचा एक डोळा नेला होता. दुसरा जाऊ देणार नाही, असं त्यानं तिला वचन दिलं होतं. म्हणून डोळ्यांचं काम तो कधी मावशींवरही सोडत नसे.

"आज राहू द्या ना. झोंबतं."

"शब्द दिलाय तुला."

त्यानं हात स्वच्छ धुतले, तिची हनुवटी अलगद वर केली, पापणी ओढून धरली, आणि गोळीत होतं तेच औषध थेंबाथेंबानं तिच्या डोळ्यात सोडू लागला.