निळा श्वास

सातव्याच महिन्यात जन्मलेल्या लेकीला शर्वरी पाजत होती, तेवढ्यात तिच्या स्वतःच्याच ओठांतून निळसर धूर तरंगत गेला. फ्लू झालेल्याचा श्वास निळा दाखवणारं औषध हिवाळाभर घरातल्या हवेत फवारलेलं असे. शर्वरीला अजून ना ताप होता, ना शिंक. पण बाळाच्या एवढ्याशा फुप्फुसांना हा आजार झेपला नसता.

“आई, हिला घ्या!” सासूच्या हाती बाळ देऊन ती काचेचं दार ओढून बाहेरच्या खोलीत बसली. बाळानं टाहो फोडला.

“गा की गं,” सासूबाई आतून म्हणाल्या. “काचेआडून गाण्यानं काही फ्लू होत नाही.”

शर्वरी रडत रडतच गाऊ लागली. तिच्याभोवती निळं धुकं दाटत गेलं. काचेपलीकडे बाळाचा डोळा लागला, आणि त्याच्या इवल्याशा श्वासात रंगाचा मागमूसही नव्हता.