जोडीचा वेग

लांबच्या सायकल सफरीला निघायच्या आदल्या संध्याकाळी बाबा दारात बसून साखळीला तेल देत होते आणि आई आतून बजावत होती, "माझ्या चांगल्या टॉवेलला हात पुसलेत तर याद राखा!" तेवढ्यात बाबांच्या सायकलवरच्या नेहमीच्या जोडीदाराचा, म्हणजे काकांचा, फोन आला. "कासवा, उद्या तरी वेळेवर उगव!" बाबा पोट धरून हसले. त्या रात्री ते झोपेतच गेले.

वर्षभराने तीच सफर काकांनी पुन्हा आखली आणि बाबांच्या सायकलवर मी निघाले. पहिल्याच दिवशी, पहिल्याच चढाला काका असे काही सुटले की माथ्यावर त्यांना गाठेपर्यंत माझ्या तोंडाला फेस आला.

"काका, तुमचा तो दुखरा गुडघा?"

"गुडघ्याला काय धाड भरलीये! दम तुझ्या बाबाला लागायचा. त्याला ओशाळं वाटू नये म्हणून मी इतकी वर्षं लंगडायचं नाटक केलं. आज कुठे मनासारखी चालवली बघ." मग चष्मा पुसत म्हणाले, "बिचाऱ्याला शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही."

मी बाटलीभर पाणी प्यायले. बाबांनी मला शपथ घातली होती, म्हणून मी आजवर गप्प होते.



"काका, तुमच्या गुडघ्यासाठी बाबाच हळू चालवायचे. तुम्हाला घरी पोचवलं, की एकटेच सुसाट एक फेरी मारून यायचे."