बाजारातला रिकामटेकडा

भिंतीवरचा बाजार भरत आला होता. हजारो वर्षांपूर्वीच्या शहरातला रस्ता: कुंभार, तेलाचे बुधले, भांडणाऱ्या दोन बायका, अडलेल्या गाढवाला मागून ढकलणारा माणूस. सगळ्यांच्या रेघा तिच्या नवऱ्याने कोळशाने आखून ठेवल्या होत्या. रंग भरायच्या आधीच तो गेला. रात्री झोपला तो उठलाच नाही. भेटायला येणारे थांबले तशी ती परांचीवर चढली. रंग भरत पुढे सरकायची, आणि मागे त्याची एकेक रेघ रंगाखाली जायची. कधीतरी रडू कोसळेल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. हात चालत राहिला.

आता खालच्या कोपऱ्यातला एकच माणूस उरला होता. काही न करता नुसता उभा. "गर्दीत एक तरी रिकामटेकडा हवाच," नवरा म्हणायचा, "नाहीतर बाजार खोटा वाटतो."

"वहिनी, उद्या पाहुणे येणार," ठेकेदार खालून म्हणाला. "तेवढा उरकून टाका."

"हो," म्हणाली आणि तशीच बसून राहिली.

दुपारी सासूबाई डबा घेऊन आल्या. मुलाचं काम बघायला त्या पहिल्यांदाच येत होत्या. भिंती रंगवून कुणाचं पोट भरतं का, हे त्यांचं नेहमीचं बोलणं. भिंतीच्या कडेकडेने त्या चालत गेल्या आणि कोपऱ्यात थांबल्या. एका पायाने दुसऱ्या पायाची पोटरी खाजवत उभ्या असलेल्या त्या माणसाकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"मेल्याने स्वतःलाच काढलंय."

लहानपणापासून त्या त्याला 'मेल्या'च म्हणत आल्या होत्या. शब्द बाहेर पडला आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

सून खाली उतरली. इतके दिवस तो डोळ्यांसमोर होता, तिला ओळखू आला नव्हता. आता पाहिलं. उभं राहणं त्याचंच होतं. तरी आत काही हललं नाही.

"आई, राहू दे का असाच?"

"नको. कोळसाच तो, कुणाचाही हात लागला तर पुसला जाईल. भर रंग." सासूबाईंनी पुन्हा कोपऱ्याकडे पाहिलं. "पण तिथं फार ऊन आहे गं."

तिने ब्रश भिजवला. शेजारच्या दुकानाचं छप्पर नवऱ्याने त्या माणसाच्या अलीकडेच संपवलं होतं. ते तिने हातभर पुढे ओढलं, त्याच्या डोक्यावर येईपर्यंत.