नुसतं बघायला

"कुठं जायचंय?" सर्जेरावांनी विचारलं.

"कुठंही," मनिषा म्हणाली. "बघण्यासारखा रस्ता कुठला आहे, तेवढं सांगा."

भिगवणच्या स्टँडाशेजारी सर्जेरावांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. दवाखान्याला, बाजाराला, सोयरीक बघायला लोक त्यांच्याकडून सायकल नेत. रस्ता बघायला सायकल मागणारं गिऱ्हाईक मात्र त्यांना आजच भेटलं. त्यातून बाईमाणूस, आणि तेही पुण्याचं.

मनिषा दूध संघात आली होती, दुधाचं फॅट तपासायचं मशीन दुरुस्त करायला. मशीन उघडलं आणि वीज गेली. आता दुपार कलल्याशिवाय येत नाही, असं सगळ्यांनी तिला हसतमुखानं सांगितलं. दोनदा चहा झाला. मग हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून ती बाहेर पडली. परगावी येऊन भिंतीकडं बघत बसणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"वळख कुनाची?" सर्जेरावांनी विचारलं.

"कुणाचीच नाही, तात्या."

"मग घड्याळ ठिवून जावा."

तिनं मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. सायकलचं भाडं तासावर, आणि आता तिला तास कळायचा कसा, हे दोघांच्याही लक्षात आलं. चाकात हवा भरता भरता सर्जेरावांनी बराच विचार केला.

"डाळजच्या अलीकडं खाली उतरा. जुना डांबरी रोड हाय, सरळ धरनाच्या पान्यात जातोय. बघन्यासारखं म्हंजी त्येवढंच."

रस्ता खरोखरच पाण्यात जात होता. दोन्ही बाजूंना जुनी झाडं, मधे उखडलेलं डांबर आणि पुढं एकदम पाणीच. पाणी जिथून ओसरलं होतं, तिथं काळ्या गाळात काकडीचे वेल पसरले होते. पलीकडं गुलाबी पायांच्या उंच पक्ष्यांचा थवा मान बुडवून चरत होता. मनिषानं सायकल स्टँडवर लावली, कपाळावर हात धरला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा काठ न्याहाळला. तिला फार बरं वाटलं.

"ए बाई! काय मोजतीस?"

वेलांमधून एक म्हातारी हातात खुरपं घेऊन तरातरा येत होती.

"काही नाही, आजी. नुसतं बघतेय."

म्हातारी आणखीच भडकली. "व्हय, त्यो धरनाचा मोजनीवाला बी असंच म्हनला व्हता! तू जन्मली बी नसशील तवा. सायकलवर आला, खांद्याला पिशवी. माझ्या दारात बसून पानी पिला. म्हनला, कुशाबाई, नुसतं बघतोय." तिनं खुरपं पाण्याकडं रोखलं. "त्ये तितं व्हतं माझं दार."

तिथं दोन बगळे आणि लख्ख ऊन होतं.

"मी दूध संघात आलेय हो, मशीन दुरुस्तीला. हे बघा." खात्री पटावी म्हणून मनिषानं पिशवी उघडली, आणि तिथंच घोटाळा झाला. आत पकड होती, पेचकस होते, घडी घातलेला मशीनचा नकाशा होता आणि खुणा कोरलेल्या काचेच्या नळ्या होत्या. कुशाबाईनं एक नळी उन्हात धरून निरखली.

"ह्याच्यावर आकडं हायती."

"ते दुधाचे आहेत, आजी."

"आकडं त्ये आकडंच." तिचा आवाज उतरला. "पानी उतरलं की आमी हितं पेरतो. चढलं की गेलं. ह्या गाळावर बी काय आननार हायसा आता? ह्येवढं तरी ऱ्हाऊ द्या की."

आपण काहीच आणणार नाही, हे कुठल्या शब्दांत सांगावं ते मनिषाला कळेना. जो कोणी येतो, तो हेच सांगत असणार.

कुशाबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. "खरंच नुसतं बघायला आलीस?"

"खरंच."

"बघायला डोळंच लागत्यात न्हवं? मग पिशवी हितं ठिव."

घड्याळ सर्जेरावांकडं, पिशवी कुशाबाईकडं. मोकळ्या हातांनी मनिषा उतारावरून खाली गेली. चपला काढल्या आणि रस्ता जिथं बुडत होता, तिथून आत पाय टाकला. तळव्याला गुळगुळीत डांबर लागलं. आणखी थोडं पुढं गेली, साडी गुडघ्याशी धरून. रस्ता खाली तसाच चालला होता. तेवढ्यात पक्षी एकदम उठले, आणि आपण कुठं आलो, कशाला आलो, हे ती पार विसरली.

परत आली, तेव्हा कुशाबाई पिशवी मांडीखाली घेऊन बसलेली.

"काय बघितलंस?"

"रस्ता आहे आत अजून. मैलाचा दगडसुद्धा उभा आहे, पाण्यातच."

"त्या दगडाच्या उजव्या हाताला?"

"तिथलं नाही दिसलं, आजी. गढूळ आहे."

कुशाबाईनं मान हलवली. "त्यो बघत न्हवता. सारा येळ खाली मान घालून लिवत व्हता," ती म्हणाली. मग तिनं पिशवी उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि चालू लागली. मनिषा सायकल ढकलत तिच्या मागून निघाली. वरच्या मोठ्या सडकेला लागेपर्यंत म्हातारीनं पिशवीला हात लावू दिला नाही. सडकेवर तिनं पिशवी कॅरिअरला ठेवली आणि वर दोन काकड्या कोंबल्या.

मनिषानं थोडं पुढं जाऊन वळून पाहिलं. कुशाबाई उताराच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून, रस्ता अडवून उभी होती.

"परत ये गं बघायला!" ती ओरडली. "पिशवी मातुर आनू नगंस!"