शेजारची घरघर

रविकिरणच्या लॅपटॉपचा पंखा घरघरायचा थांबला आणि रेणुकादास सरांची झोप उडाली.

दोन्ही घरांत भिंत एकच. भूकंपानंतर जड भिंतींची धास्ती घेऊन बांधलेली, जेमतेम चार इंची. पलीकडे मडिवाळप्पांचा रविकिरण गेम खेळायला बसला की लॅपटॉप तापायचा, त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा लागायचा, आणि अलीकडे सर सुखानं चहा प्यायचे. पंखा घरघरतोय म्हणजे पोरगं वाया चाललंय. त्याच्याच क्लासला जाणारा आपला वरद तेवढाच वर सरकतोय. पण गेले काही दिवस भिंत मुकी झाली होती, आणि रविवारच्या टेस्टमध्ये रविकिरण वरदच्या पुढे गेला होता.

दुपारी सर चपला अडकवून शेजारी गेले.

"लॅपटॉप बंद पडून राहिलाय, काका," रविकिरण म्हणाला. "प्रोसेसर लई तापतो. आधी गेम अडकत अडकत चालतो, मग धाडकन बंद."

"बरंच झालं की," मडिवाळप्पा म्हणाले. पेंडीचं दुकान बंद करून ते नुकते जेवायला आले होते. "पोरगं पुस्तक घेऊन बसून राहिलंय, सर. मी तर महादेवाला नारळ फोडलो."

सरांनी लॅपटॉप उलटा केला. खालच्या जाळीत गादीचा कापूस गच्च बसला होता. जन्मभर कॉलेजात उष्णतेचं प्रकरण शिकवलेला माणूस; त्यांना राहवलं नाही.

"गादीवर ठेवून खेळतोस ना? उष्णतेला बाहेर पडायला वाट नको? वाट मिळाली नाही, की प्रोसेसर आपला जीव वाचवायला वेग कमी करतो."

असं म्हणून त्यांनी लॅपटॉप काखेत मारला आणि स्वतः बाजारात नेला. जाळी साफ करून घेतली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलून घेतली. वर स्वतःच्या खिशातून खाली ठेवायचा पंख्यांचा स्टँडही घेतला. संध्याकाळी सगळं आणून रविकिरणच्या पुढ्यात ठेवलं.

मडिवाळप्पा बघतच राहिले. "दुसऱ्याच्या पोरासाठी येवढं कोण करतंय, सर? पण आता ह्यो परत खेळत बसंल की."

"बसू द्या." सरांचा आवाज वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "ह्या वयात पोरानं खेळलंच पाहिजे, मडिवाळप्पा. मेंदू म्हणजे तरी काय, प्रोसेसरच. सारखा तापत ठेवला की मंद पडतो."

रविकिरण पाया पडला. सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी मनापासून म्हणाले, "खेळ बाबा."

घरी येऊन सर चहा घेऊन भिंतीशी बसले. घरघर येईना. चहा निवला. शेवटी त्यांनी भिंतीला कान लावला.

"आता आवाज यायचा नाही, बाबा," टेबलाशी बसलेला वरद मान वर न करता म्हणाला. "थंड राहिला की पंखा ओरडत नाही."

"मग तो खेळतोय का अभ्यास करतोय, कळायचं कसं?"

"नाही कळायचं." वरदनं पान उलटलं. "तुमचं बोलणं मात्र सगळं ऐकू आलं. 'खेळलंच पाहिजे' पासून."

वरदची बॅट त्याला क्लास लावला त्या दिवसापासून कपाटावर होती. सरांनी तिकडे बघायचं टाळलं. भिंतीवरचा कान काढला आणि त्याला हात लावून पाहिला.

चांगलाच तापला होता.