सातवी गिटार

डॉक्टर, तुम्ही त्याचे कान कधी तपासलेच नाहीत.

सोळा वर्षं, दर वर्षी, प्रेस शॉपची माणसं कंपनीच्या दवाखान्यापुढे रांगेत उभी राहिली आणि तुम्ही कागदावरून मान न उचलता विचारलंत, "ऐकू येतंय ना?" त्याच रांगेतला तो दर वेळी "हो" म्हणाला. प्रश्न पोचला, म्हणजे कान शाबूत. झाली तपासणी. "नाही" म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी मशीनवरून काढून कमी पगारावर फाटकावर स्टुलावर बसवतात, हे तुम्हालाही ठाऊक होतं आणि रांगेलाही. पत्रा कापणारी ती प्रेस मिनिटाला चाळीस वेळा खाली येते. तिच्याशेजारी उभं राहून तुम्ही एक कप चहा तरी प्यायलात का कधी?

आता त्याचा हा रविवार बघा.

सकाळी अकराला तो सातवी गिटार घेऊन घरात शिरला. बायको दारातच उभी होती.

"आली का आणखी एक?"

"काय?"

"म्हटलं, आली का आणखी एक!" ती खेकसली. या घरात हल्ली सगळेच खेकसून बोलतात. भांडण नसतं, सवय झाली आहे. "सहा सुना आणून ठेवल्यात आधीच. पलंगाखाली दोन, कपाटावर दोन, दारामागे दोन. एकीच्याही तोंडून शब्द फुटत नाही म्हणता, आणि तरी सातवी!"

"ही बोलेल. हिचं लाकूड चांगलं वाळलेलं आहे."

"सहावीचंही वाळलेलंच होतं."

"तो दुकानदार चोर होता."

त्याच्या लेखी सगळेच दुकानदार चोर. गिटारची खोट कळते ती सगळ्यात बारीक तारेच्या शेवटच्या पडद्यावर, म्हणजे पोटाच्या गोल भोकाजवळच्या शेवटच्या आडव्या पट्टीवर, असं त्याचं म्हणणं. दुकानात माणूस नखी लावून डबा बडवावा तशी बडवतो, तिथे सगळ्या वाजतात. घरी आणून बोटाने हळू छेडली की सूर गायब. नुसता लाकडाचा टक. तारा बदलून झाल्या, खुंट्या बदलून झाल्या. मग गिटारच बदलायची. एखादी तरी धड निघेलच की.

"आज सोक्षमोक्ष लावू," तो मुलीला म्हणाला. ती नुकतीच नोकरीला लागली होती आणि रविवारी उशिरा उठायची. "सातही ओळीने मांड. मी भिंतीकडे तोंड करतो, म्हणजे कुठली नवी, कुठली जुनी ते मनात यायला नको. तू एकेक छेड. शेवटचा पडदा, हळू. सूर विरला की मी बोट वर करेन, तू घड्याळ बघ."

"म्हणजे परीक्षाच की, बाबा."

"परीक्षाच. नापास होईल ती विकायची."

"आणि सगळ्याच नापास झाल्या तर?" बायकोने स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं.

"तर आठवी!" तो हसला आणि भिंतीकडे वळला. हात मागे बांधले, उजव्या हाताचं बोट तयार ठेवलं.

मुलीने पहिली छेडली. बारीक, स्वच्छ सूर निघाला, खोलीत फिरला, विरला.

बोट वर झालं नाही.

तिने पुन्हा छेडली, जरा जोरात. बोट तिथेच. बाबा गंमत करतायत असं तिला वाटलं. तिने दुसरी छेडली. तिसरी. हात पुसत आई दारात आली. चौथीला तिचा हात पुसायचा थांबला. पाचवी. सहावी. सातवी.

सातही बोलत होत्या. सगळ्यात जुनी तर सगळ्यात गोड.

"अगं, पुन्हा झोपलीस की काय?" तो भिंतीला म्हणाला. "कर की सुरू."

मुलीने आईकडे बघितलं. आईने नाही म्हणून मान हलवली. कशाला नाही, ते तिलाही सांगता आलं नसतं. मुलीने सातवी पुन्हा छेडली.

तो वळला. पोरीची चोरी पकडल्यासारखं हसू होतं तोंडावर. मग नजर खाली गेली. सातवीची बारीक तार थरथरत होती. तार अशी दिसतच नव्हती, तिच्या जागी धुरकट पट्टा होता.

तो गुडघ्यांवर बसला. जाड बोट तारेवर ठेवलं. पट्टा गेला, तार आली. बोट उचलून स्वतः छेडली, पुन्हा बोट ठेवलं. असं तीन-चार वेळा. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. बंद पडलेल्या मशीनचं बटण माणूस दाबून बघतो, तसं चाललं होतं.

"चहा टाकते," बायको म्हणाली. खेकसायला विसरली.

त्याने तिच्या ओठांकडे बघितलं. मान डोलावली. मग मुलीकडे वळला.

"किती वेळा वाजवलीस?"

ती खाली वाकून गिटारींची ओळ सरळ करत राहिली. ओळ सरळच होती.

"इकडे बघ, पोरी. माझ्याकडे तोंड करून सांग. किती वेळा?"